एकरी चोर किती? एकाच प्रांतात हल्लेखोर आणि चोर सांभाळताना

आमच्या दारव्हा तालुक्यात शेतीपंपाची लाईन आलटून पालटून येते. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीचा आठवडा असला की हरभऱ्याला पाणी द्यायला विहिरीवर जागावं लागतं. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रात्री माझा भाचा सोबत आला होता. मोटर सुरू करून आम्ही धुऱ्यावर शेकोटीजवळ बसलो, आणि त्याने मोबाईलवरचा त्याचा खेळ माझ्यापुढे धरला.

"मामा, पाहा न. सोनं सारं गेलं. कोणं नेलं तेही समजून नाही राहिलं."

"तुझ्याजवळ चोर किती हायेत?"

"चार हजार."

"एकरी किती ते सांग."

त्याला उत्तर देता येईना. गावात कोणी "मला चाळीस क्विंटल सोयाबीन झालं" म्हणालं, तर आपण पहिला प्रश्न करतो, "वावर किती एकर?" चाळीस क्विंटल पाच एकरांत झालं की वीस एकरांत, यावरच सगळं ठरतं. या खेळातही तेच आहे, आणि हे एक सूत्र हाती आलं की पुढचं बरंच कोडं सुटतं.

खेळाचं नाव युटोपिया. 1990च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेला आणि ब्राउझरमध्ये चालणारा हा खेळ. चित्रं जवळपास नाहीतच, सगळा कारभार मजकुरात आणि आकड्यांत. त्यामुळे साध्या मोबाईलवर, रेंजची एकच दांडी असली तरी चालतो. प्रत्येक खेळाडूकडे एक प्रांत असतो आणि जास्तीत जास्त पंचवीस प्रांतांचं मिळून एक किंगडम. त्यातलाच एक जण मतांनी राजा होतो. खेळाचं घड्याळ तासातासाने पुढे सरकतं. खऱ्या जगातला एक तास झाला की तिथे एक दिवस होतो, याला खेळाडू टिक म्हणतात. चोवीस टिकांचा महिना, सात महिन्यांचं वर्ष. म्हणजे आपला एक आठवडा गेला की तिथलं एक वर्ष सरतं. काही महिन्यांनी एज, म्हणजे खेळाचा एक डाव, संपतो आणि सगळे पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात.

प्रांत कसा चालवायचा, याचे ढोबळ तीन मार्ग आहेत. ॲटॅकर सैन्य पाठवून दुसऱ्याची जमीन मिळवतो. थीफ जमिनीच्या मागे लागत नाही. तो सोनं, धान्य आणि जादूला लागणारे रून चोरतो, रात्री घुसून शत्रूचे सैनिक मारतो, इमारती पेटवतो, माणसं पळवतो. मेज म्हणजे मांत्रिक, तो जादूने छळतो. या तिघांतल्या दोन भूमिका एकाच प्रांतात चालवणाऱ्याला हायब्रिड म्हणतात. भाच्याला हल्लेखोर आणि चोर दोन्ही व्हायचं होतं. नवीन मुलांना ही जोडी फार ओढून घेते, आणि बहुतेक जण पहिल्या महिन्यातच त्यात फसतात.

फसण्याचं मूळ माणसांच्या हिशोबात आहे. प्रांतात किती माणसं राहू शकतात याला मर्यादा असते. रयत, शिपाई, चोर, मांत्रिक या सगळ्यांना त्याच मर्यादेत बसवावं लागतं. शिवाय हल्ल्याचा सैनिक आणि चोर दोघंही एकाच कच्च्या शिपायापासून तयार होतात. चोर केला की तो शिपाई हल्ल्यातून वजा झाला. म्हणून नवा खेळाडू म्हणतो, ठीक आहे, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. हे दिसायला न्यायाचं दिसतं, पण प्रांत त्यानेच बुडतो.

समजावून सांगायला सोपे आकडे घेऊ. तुमचा हजार एकरांचा प्रांत आहे. रयत आणि बचावाचं सैन्य बाजूला काढल्यावर नऊ हजार माणसं उरतात. हल्ल्याच्या एका सैनिकाची ताकद दहा धरू. तुमच्या आकाराच्या आसपासच्या प्रांतांचा बचाव पंचावन्न हजारांच्या घरात आहे, असंही धरू. निम्मे-निम्मे केलं तर साडेचार हजार सैनिक, म्हणजे पंचेचाळीस हजार ताकद. तेवढ्यात आसपासचा एकही प्रांत तुटणार नाही. हे साडेचार हजार सैनिक धान्य खातील, पगार घेतील आणि घरीच बसून राहतील.

विहिरीवर बसलो होतो म्हणून मी भाच्याला मोटरच दाखवली. पाणी खोल असलं आणि मोटर कमी ताकदीची असली तर काय होतं? पाणी पाइपातून वर चढतं, अर्ध्यावर येऊन थांबतं, आणि वावरात थेंब पडत नाही. ऐंशी टक्के ताकदीच्या मोटरीने ऐंशी टक्के पाणी येत नाही. पाणी काठाच्या वर आलं तरच ते आलं. हल्ल्याचंही तसंच आहे. शत्रूच्या बचावापेक्षा तुमची ताकद जास्त असेल तर जमीन मिळते. थोडीशी जरी कमी पडली तर हल्ला फसतो, माणसं मरतात आणि उरलेलं सैन्य रिकाम्या हाताने परत येतं. दुसऱ्या बाजूनेही हा नियम लागू आहे. काठाच्या खूप वर ताकद लावली म्हणून जास्त जमीन मिळत नाही. पंचावन्न हजारांचा बचाव सत्तावन्न हजारांत तुटत असेल, तर ऐंशी हजार पाठवून वरचे तेवीस हजार उगाच फिरवून आणल्यासारखं होतं.

चोरीचा स्वभाव वेगळा आहे. चोरीला असा काठ नसतो. तुमचे एकरी चोर आणि समोरच्याचे एकरी चोर यांच्या गुणोत्तरावर यश ठरतं. गुणोत्तर थोडं वाढलं की यश थोडं वाढतं आणि पकडले जाणारे चोर थोडे कमी होतात. शिवाय एक चोर ठरावीक तेवढाच माल उचलू शकतो. म्हणून जास्त चोर म्हणजे त्या प्रमाणात जास्त सोनं.

दोन भूमिकांचा हा फरक लक्षात आला की वाटणी आपोआप ठरते. आधी काठ बघायचा. तुमच्या पल्ल्यातले प्रांत किती बचाव ठेवतात ते हेर पाठवून पाहायचं, त्याच्या वर थोडा सुरक्षित फरक ठेवून हल्ल्याची ताकद ठरवायची, आणि उरलेली सगळी माणसं चोर करायची. आपल्या उदाहरणात सहा हजार सैनिक आणि तीन हजार चोर. साठ हजारांची ताकद पंचावन्न हजारांचा बचाव तोडते, आणि एकरी तीन चोर उरतात. नऊ हजारच्या नऊ हजार सैनिक करणारा शुद्ध हल्लेखोर तुमच्यापेक्षा मोठे प्रांत तोडेल, हे खरं. पण तुम्ही हल्ला थांबवलेला नाही, आणि वरून चोरीचं उत्पन्न आहे. पुढच्या एजात काठ वर-खाली होईल, वाटणीही बदलेल. त्यामुळे सहा-तीन हा आकडा पाठ करण्यात अर्थ नाही.

इमारतींचा हिशोब हायब्रिडच्या बाजूने आहे, आणि मला या खेळातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. युटोपियातल्या बहुतेक इमारतींचा परिणाम सरळ रेषेत वाढत नाही. इमारतीचं एकूण जमिनीतलं प्रमाण आणि उरलेल्या जमिनीचं प्रमाण यांचा गुणाकार होतो, आणि मग तो त्या इमारतीच्या मूळ आकड्याला लावला जातो. दहा टक्के जमिनीवर एखादी इमारत बांधली तर दहा टक्के गुणिले नव्वद टक्के, म्हणजे नऊ. वीस टक्क्यांवर वीस गुणिले ऐंशी, सोळा. तीसवर एकवीस, चाळीसवर चोवीस, पन्नासवर पंचवीस, आणि तिथे संपलं. पहिल्या दहा टक्क्यांनी नऊ दिले, दुसऱ्यांनी सात, तिसऱ्यांनी पाच, चौथ्यांनी तीन, पाचव्यांनी फक्त एक. युरियाची पहिली बॅग टाकल्यावर पऱ्हाटी कशी हिरवीगार होते, आणि चौथ्या बॅगेने नुसती पानं वाढतात, बोंडं नाहीत, तसाच हा प्रकार. म्हणून हल्ल्याची ताकद वाढवणाऱ्या ट्रेनिंग ग्राउंडवर तीस टक्के जमीन घालवण्यापेक्षा वीस टक्के तिथे आणि दहा टक्के चोरांच्या अड्ड्यांवर घातली, तर तिकडून पाच जातात आणि इकडे नऊ येतात. अड्डे बांधले की चोर मरायचे कमी होतात. दोन्ही इमारतींचे मूळ आकडे वेगळे असतात, म्हणून नऊ आणि पाच यांची थेट तुलना करता येत नाही, पण दिशा बरोबर आहे.

भाचा म्हणाला, "मंग त सारेच हायब्रिड होतीन." त्याचा प्रश्न रास्त होता. सगळे का होत नाहीत, याचं उत्तर पुन्हा एकरी हिशोबातच आहे.

चार हजार चोर, हजार एकर. एकरी चार. हल्ला यशस्वी झाला आणि शंभर एकर जमीन मिळाली. आता चार हजार भागिले अकराशे, एकरी साधारण साडेतीनच्या थोडे वर. आणखी दोन हल्ले, दरवेळी दहा टक्के जमीन वाढली, की झाले तेराशे एकतीस एकर. चोर तेवढेच, एकरी फक्त तीन. एकही चोर मेला नाही, तरी तुमची चोरीची ताकद पाव हिश्शाने घटली. अड्ड्यांचंही तेच. हजार एकरांत शंभर अड्डे म्हणजे दहा टक्के होते, अकराशेमध्ये ते नऊ टक्क्यांवर आले. नवीन जमीन पडीक असते, तिच्यावर बांधकाम व्हायला वेळ जातो. म्हणजे हल्लेखोर म्हणून तुम्ही जिंकलात की चोर म्हणून पातळ होता. आमच्याकडे एखाद्याने लागून असलेलं वावर घेतलं पण शेणखताच्या गाड्या होत्या तेवढ्याच राहिल्या, तर सगळ्या रानाचा कस उतरतो, तसं.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. ज्याच्यावर हल्ला झाला त्याची जमीन घटते, चोर मात्र तेवढेच राहतात. आठशे एकरांच्या प्रांतात बत्तीसशे चोर होते, एकरी चार. शंभर एकर तुम्ही घेतले, उरले सातशे. आता त्याच्याकडे एकरी साडेचारच्या वर चोर झाले आणि तुमच्याकडे साडेतीन. काल ज्याला हरवलं तोच आज तुमच्या तिजोरीत हात घालायला तुमच्यापेक्षा सरस झालेला असतो, आणि त्याच्या मनात राग असतो. भाच्याचं सोनं असंच गेलं होतं. त्याने चार दिवसांत दोन हल्ले केले होते, दोन्ही यशस्वी. त्या आनंदात एकही नवा चोर तयार केला नव्हता. चोर आकड्याने चार हजारच होते म्हणून त्याला काही बिघडल्यासारखं वाटलंच नाही.

म्हणून माझा नियम असा. हल्ला पाठवायच्या आधीच, मिळणारी जमीन धरून, लागणाऱ्या चोरांचं प्रशिक्षण लावून ठेवायचं. प्रशिक्षणाला वेळ लागतो, सैन्य परत यायलाही वेळ लागतो, आणि जिंकलेली जमीन सैन्यासोबतच घरी येते. या तीन गोष्टी एकाच वेळेला जुळल्या तर एकरी आकडा पडत नाही. जमीन आल्यावर चोर बनवायला घेतले, तर मधला दिवसभर तुम्ही उघडे पडता.

वेळेचाच मुद्दा निघाला तर सोयाबीनमध्ये तूर का लावतात ते सांगतो. आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. सोयाबीनच्या काही तासांनंतर तुरीचं एखादं-दोन तास. तूर सुरुवातीचे दीड-दोन महिने हळू वाढते, सोयाबीनला त्रास देत नाही. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघालं की वावर मोकळं होतं आणि मग तूर पसरते. दोन पिकं एकाच वावरात सुखाने राहतात, कारण दोघांची भूक एकाच वेळी लागत नाही. एकाच वेळी वाढणारी, एकाच थरातलं पाणी मागणारी दोन पिकं शेजारी लावली तर दोन्ही खुरटतात.

हल्लेखोर आणि चोर ही जोडी जमते ती याच कारणाने. हल्ला केला की सैन्य आपला साधारण अर्धा दिवस बाहेर असतं. त्या वेळात शुद्ध हल्लेखोराला करण्यासारखं फारसं काही नसतं. चोरांचा ठेका वेगळा. प्रत्येक कामगिरीला थोडं स्टेल्थ खर्च होतं, आणि दर टिकला ते थोडं थोडं भरून येतं. स्टेल्थ म्हणजे लपून राहण्याची ताकद. ते पूर्ण भरलेलं असताना वापरलं नाही, तर पुढे भरणारं वाया जातं, विहीर काठोकाठ भरल्यावर वरून झरा वाहून जातो तसं. म्हणून सैन्य बाहेर असतानाचे तास चोरांनी वापरायचे. चोरलेल्या सोन्यातून पुढचे सैनिक आणि चोर तयार होतात. सैन्य परतायच्या सुमारास पुढच्या शिकारीची माहिती काढायची, आणि गरज पडली तर रात्रीच्या छाप्याने तिचा बचाव थोडा कमी करायचा. पंचावन्न हजारांचा काठ चोरांनी खाली आणला, तर तुमच्या साठ हजारांतला जास्तीचा फरक दुसरीकडे वापरता येतो. इथे दोन्ही भूमिका एकमेकींना हात देतात. माहिती काढायला दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागत नाही, हा फायदा तर मी सगळ्यात वर धरतो. रात्री दोन वाजता किंगडममध्ये जागा असतो कोण?

उलट चूक मी स्वतः केली आहे. पहिल्याच एजात मी निम्मे-निम्मे केलं. युद्ध सुरू झालं तेव्हा राजाने एका प्रांताचं नाव देऊन विचारलं, "तोडू शकतोस का?" नाही म्हणावं लागलं. मग म्हणाला, निदान त्यांच्या चोराला त्रास दे. त्यांचा तो चोर एकरी माझ्या दुप्पट होता, आणि त्याने पहारा देणारे वॉच टॉवर भरपूर बांधलेले होते. तीन कामगिऱ्या पाठवल्या, तिन्ही पकडल्या गेल्या. युद्धभर मी किंगडमच्या उपयोगी पडलो नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पंचवीस जणांत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, आणि एक जागा रिकामी राहिली की बाकीच्यांवर भार येतो.

त्यानंतर मी एक गोष्ट कधी मोडली नाही. हायब्रिड चोराने शुद्ध चोरावर जायचं नाही. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे शुद्ध हल्लेखोर, ज्याने चोरांकडे दुर्लक्ष केलंय, जो एकरी एक-दीड चोरांवर बसलाय आणि नुकताच मोठा हल्ला करून पातळ झालाय. अशा प्रांतावर एकरी तीन चोरही भारी पडतात. आधी इमारतींची पाहणी करायची. वॉच टॉवर जास्त दिसले तर सोडून द्यायचं, कितीही सोनं दिसलं तरी. आणि पहिल्यांदा सगळे चोर एकदम पाठवायचे नाहीत. थोडे पाठवून अंदाज घ्यायचा.

एक भार मात्र हायब्रिडला वाहावाच लागतो. प्रांताचं मोल, ज्याला नेटवर्थ म्हणतात, त्यात चोरही मोजले जातात. चोर वाढले की तुम्ही कागदावर मोठे दिसता, पण हल्ल्याची ताकद तेवढी वाढलेली नसते. स्वतःपेक्षा फार लहान प्रांतावर गेलं तर जमीन कमी मिळते. त्यामुळे तुम्हाला मोठे, जास्त बचाव असलेले प्रांत शोधावे लागतात, आणि काठ पुन्हा वर जातो. वाटणी दर आठवड्याला नव्याने तपासायची ती याच कारणाने.

खेळ बनवणाऱ्यांची अडचणही थोडी समजून घ्यावी. हायब्रिड फार सोपा केला तर शुद्ध चोर किंवा शुद्ध हल्लेखोर कोणी होणार नाही, आणि पंचवीस जणांना एकमेकांची गरज उरणार नाही. फार अवघड केला तर सगळे प्रांत एकसारखे दिसतील. दर एजात ते वंशांचे, म्हणजे प्रांतासाठी निवडायच्या जमातींचे, गुण-दोष बदलतात. ऑर्क हल्ल्याला कललेला, हाफलिंग चोरीला, वर 'रोग' (इंग्रजी Rogue, म्हणजे भामटा) सारख्या स्वभावाची जोड. मला वाटतं, आकडे बदलत राहिले तरी पाया चांगला घातलेला आहे: हल्ल्याला काठ, चोरीला गुणोत्तर, चोरांना उचलायची मर्यादा आणि स्टेल्थची गती. या चार गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी आवळतात म्हणून एकच भूमिका सगळ्यांना भारी पडत नाही. वंश निवडताना मी मुख्य पिकाप्रमाणे वंश आणि आंतरपिकाप्रमाणे स्वभाव निवडतो. हल्ला मुख्य असेल तर हल्ल्याचा वंश, आणि चोरीला मदत करणारा स्वभाव. चालू एजाचे आकडे वाचल्याशिवाय हेही ठरवायचं नाही.

त्या रात्री आम्ही भाच्याचा प्रांत पुन्हा मांडला. वहीच्या मागच्या पानावर, बॅटरीच्या उजेडात. जमीन बाराशे दहा एकर, चोर चार हजार, एकरी 3.3. येणारी जमीन धरून किती चोर लागतील ते त्याने स्वतः भागाकार करून काढलं. हल्ल्याचे नवे सैनिक थांबवले, कारण काठाच्या वर आधीच बरीच ताकद पडून होती. सगळे शिपाई चोरांच्या प्रशिक्षणाला लावले. ट्रेनिंग ग्राउंड वाढवायचे होते, त्या पडीक जमिनीवर अड्डे टाकले.

तीनच्या सुमारास मी बारं फिरवायला उठलो. परत आलो तेव्हा त्याने दोन नावं लिहून ठेवली होती, दोन्ही हल्लेखोर, दोन्हींचं सैन्य बाहेर. एकाचे वॉच टॉवर जास्त होते, त्याच्यावर त्याने आडवी रेघ मारली होती. दुसऱ्यासमोर लिहिलं होतं, "एकरी 1.2. सकाळच्या टिकला."

सहाला लाईन गेली, मोटर बंद झाली. तो शेकोटी विझवत म्हणाला, "मामा, जरा थांबा. एक टिक राहिली."